फोटो आहे, नाव नाही

एम.ए.च्या प्रकल्पासाठी मुलं आपल्याच तालुक्यातला विषय घेतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो. जुन्नर-आंबेगावात विषयांना तोटा नाही. नाणेघाटाचा शिलालेख, लेण्याद्री आणि मानमोडीची लेणी, निजामशाहीची पहिली राजधानी, शिवनेरी, जुन्नरी कागद, ओतूरचे सत्यशोधक, हुतात्मा बाबू गेनूंचं महाळुंगे पडवळ, नारायणगावचा तमाशा, डिंभे धरण. यातल्या एकेका विषयाला एक जन्म पुरणार नाही. खरी कसोटी लागते ती साधनं हाताशी आल्यावर. जमवलेलं ठेवायचं कसं, लावायचं कोणत्या क्रमाने, टिपण काढायचं की नुसता फोटो पुरे, यावर दोन पिढ्यांची दोन मतं मी कायम ऐकत आलो आहे. ती इथे दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. एक निवृत्त इतिहास शिक्षक, दुसरी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. तिचा विषय आहे डिंभ्याच्या पाण्याखाली गेलेलं जुनं आंबेगाव. माणसं कल्पित आहेत, त्यांच्या हातातली साधनं खरी आहेत.

विद्यार्थिनी: सर, साहित्य भरपूर जमलंय. गॅझेटियरची पानं, महसुली उतारे, वर्तमानपत्रांची कात्रणं, मुलाखतींची रेकॉर्डिंग. सगळं फोनमध्ये आहे, ड्राइव्हवरही चढवलंय. आता फक्त लिहायला बसायचं.

सर: हा फोटो कशाचा आहे?

विद्यार्थिनी: सात-बाराचा. नाही, फेरफार असेल. थांबा, तारीख बघते.

सर: ती तू फोटो काढलास त्या दिवसाची तारीख. कागदाची नव्हे.

विद्यार्थिनी: मग मोठा करून वाचू या की.

सर: वाच. नोंदीचा क्रमांक दिसतो, खातेदाराचं नाव दिसतं. पण गावाचं नाव पानाच्या माथ्यावर असतं, ते चौकटीबाहेर राहिलं. आता ही नोंद आंबेगावची की शेजारच्या गावाची, हे कोण सांगणार? तू नाणेघाटात गेली आहेस ना?

विद्यार्थिनी: शाळेची सहल गेली होती.

सर: तिथल्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणांपलीकडे काही उरलेलं नाही. पण प्रत्येकीच्या वर ब्राह्मी अक्षरांत नाव कोरलेलं होतं. राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि श्रीसातकर्णी, कुमार, महारठी. भगवानलाल इंद्रजींनी त्या लेखांवर काम केलं, ब्यूलरने १८८३ मध्ये ते छापले, आणि सातवाहनांच्या इतिहासाला पाया मिळाला. तिथे मूर्ती गेल्या, नावं उरली. तुझं उलटं झालंय. फोटो आहे, नाव नाही.

विद्यार्थिनी: नाव नंतरही देता येईल, सर. कार्यालयात तासभर मिळतो, तेवढ्यात जमेल तितकं टिपून घ्यावं लागतं. तिथे बसून प्रत्येक कागदावर टिपण काढत राहिले असते तर दहा कागद झाले असते. आज शेकडो आहेत.

सर: तासभरच मिळाला हे मान्य. पण कागदाच्या गठ्ठ्याचा एक फोटो आधी, मग बाडाचं किंवा नोंदवहीचं मुखपृष्ठ, मग आतली पानं, याला जास्त वेळ लागत नाही. आणि त्याच रात्री घरी बसून प्रत्येक फोटोला नाव द्यायचं. गाव, नोंदवही, क्रमांक, पान. आठवडा गेला की डोळ्यांपुढचं कार्यालय पुसलं जातं. मग सगळी पानं सारखी दिसतात.

(इथे मला सरांची बाजू पूर्ण पटते. जिथून कागद घेतला ती जागा हासुद्धा पुरावाच असतो. एखादं पत्र कुलकर्ण्यांच्या दप्तरात सापडलं की देशमुखांच्या, यावरून ते कुणी जपलं आणि का जपलं हे कळतं. सुटा फोटो ते सांगत नाही.)

विद्यार्थिनी: बरं, नावं देते. पण क्रम कोणता लावू? मला विषयवार लावायचंय. पुनर्वसन, बाजार, शेती, देवस्थान, स्थलांतर. पाच फोल्डर. जे ज्याचं ते त्यात.

सर: एकाच मुलाखतीत माणूस बाजाराबद्दलही बोलला, देवळाबद्दलही आणि मुंबईला गेलेल्या भावाबद्दलही. मुलाखतीचे तीन तुकडे करणार?

विद्यार्थिनी: तीन प्रती करेन.

सर: आणि तो देवळाबद्दल बोलता बोलता बाजाराकडे कसा वळला, ते कोणत्या फोल्डरात जाईल? माणसाची आठवण ज्या वाटेने जाते ती वाटसुद्धा साधन आहे. तुकडे केलेस की ती गेली. म्हणून मी साधनवार ठेवतो. मुलाखत अखंड, नोंदवही अखंड, गॅझेटियरचं प्रकरण अखंड. जसं आलं तसं.

विद्यार्थिनी: मग शोधायचं कसं? सर, राग मानू नका, पण तुमच्या कपाटात इतक्या वह्या आहेत, त्यातलं काय कुठे आहे ते फक्त तुम्हालाच माहीत आहे. काळ्या चबुतऱ्याचं टिपण मागितलं तर ते तुम्ही "शिवनेरी" नावाच्या वहीतून काढलंत. महादेव कोळ्यांवर काम करणारा मुलगा ती वही कशाला उघडेल?

सर: "महादेव कोळी" वहीत मी एक ओळ घातली आहे. "पाहा: शिवनेरी वही, पान अमुक."

विद्यार्थिनी: म्हणजे तुम्हालाही एका गोष्टीला दोन पत्ते लागलेच. मी तेच म्हणते. संगणकात एका टिपणाला दहा शब्द जोडता येतात. झोटेरोसारखी संदर्भ ठेवायची प्रणाली फुकट मिळते, देवनागरीत चालते. साधन अखंड राहतं आणि विषयांचे शब्द वरून चिकटतात.

सर: अखंड राहत असेल तर माझं भांडण नाही. मात्र त्या टिपणात तू काय लिहिशील ते सांग. चबुतऱ्याचंच घे.

विद्यार्थिनी: "सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची जुन्नरला शिरं उतरवली गेली, त्या जागी चबुतरा बांधला गेला. संदर्भ, पुणे जिल्हा गॅझेटियर, १८८५."

सर: घटना सतराव्या शतकातली. गॅझेटियर १८८५ चं. मधल्या दोनशे वर्षांत ही हकीकत कुणी सांभाळली?

विद्यार्थिनी: गॅझेटियरवाल्यांनी कुठून तरी घेतली असणार.

सर: कोळ्यांविषयीची त्यांची बरीचशी माहिती कॅप्टन मॅकिन्टॉशची. तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला कंपनीचा लष्करी अधिकारी. सह्याद्रीतल्या कोळ्यांची बंडं मोडणाऱ्यांच्या बाजूचा. त्याने लोकांकडून ऐकलं, लिहिलं. त्याच्यावरून सरकारी ग्रंथात आलं. आज लोक चबुतऱ्यापाशी अभिवादनाला जातात आणि जी हकीकत सांगतात, तिच्यात घराण्यांतून आलेलं किती आणि छापील पुस्तकातून परत आलेलं किती, हे तपासायला हवं. टिपणात या पायऱ्या दिसल्या पाहिजेत. "गॅझेटियर म्हणतं" एवढं पुरत नाही. "गॅझेटियर म्हणतं, अमक्याच्या आधारावर" असं हवं. आधार दिलेला नसेल तर "आधार दिलेला नाही" हेही लिहायचं.

विद्यार्थिनी: हे मी करत नव्हते. पण त्याच गॅझेटियरमध्ये मला आंबेगाव तालुकाच सापडला नाही. तालुक्यांची प्रकरणं चाळली, नाव नाही.

सर: सापडणार नाही. तेव्हा आंबेगाव हा खेडचा पेठा, म्हणजे तालुक्याचा पोटविभाग होता. खेड तालुक्यात बघ. आणि नावांची एक वेगळी यादी करून ठेव, पहिल्याच पानावर. आज तालुका आंबेगाव, कचेरी घोडेगावला, आणि ज्या गावावरून नाव पडलं ते धरणात. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी जुन्नरला राहून गेला, तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला होता. सतराव्या शतकात जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर आला. दोघांनी जुन्नरचं नाव आपापल्या कानाला लागलं तसं लिहिलं. आपल्या मराठी कागदांतही जुन्नर आहे, जुनेर आहे. यंत्राला एकच रूप दिलंस तर ते तेवढंच शोधून देईल.

विद्यार्थिनी: ही यादी खरंच कामाची आहे. धरणालाही दोन नावं आहेत. लोक डिंभे म्हणतात, सरकारी फलकावर हुतात्मा बाबू गेनू सागर.

सर: आणि तारखांचं काय केलंस?

विद्यार्थिनी: सगळ्या इसवी सनात करून टाकल्या. वाचायला सोपं.

सर: मूळ तारीख कुठे आहे?

विद्यार्थिनी: ती कशाला? शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की झालं.

या ठिकाणी मी थोडा थांबतो, कारण याच हिशोबाने शिवनेरीच्या सगळ्यात मोठ्या तारखेचा घात होऊ शकतो. जेधे शकावलीत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा आहे. १५५१ मध्ये ७८ मिळवले की १६२९ येतात. पण फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना. तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून ७९ मिळवायचे. उत्तर १९ फेब्रुवारी १६३०. विद्यार्थिनीच्या टिपणात नुसतं १६२९ राहिलं असतं, मूळ तिथी पुसली गेली असती, तर चूक कुठे झाली हे तिला स्वतःलाही शोधता आलं नसतं.

आणि ही तारीख ठरली कशी, तो इतिहास टिपणं ठेवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. बखरींमधून शके १५४९ चा वैशाख, म्हणजे १६२७, अशी तिथी रूढ होती. लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेध्यांकडची शकावली भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे १९१६ मध्ये छापली. पुढे तंजावरकडून मिळालेल्या परमानंदाच्या शिवभारतात तीच तिथी निघाली. जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीतही तीच. मावळातली एक नोंद, एक संस्कृत काव्य आणि राजस्थानातली एक पत्रिका, तिघांचा एकमेकांशी संबंध नसताना तिन्ही एका दिवसावर येतात, तेव्हा त्या दिवसाला वजन येतं. हे तिन्ही पुरावे कुणी एकाच "जन्मतारीख" नावाच्या ओळीत कालवून ठेवले असते, तर ते स्वतंत्र आहेत हेच दिसलं नसतं. आणि १६२७ ची नोंद "चुकीची" म्हणून फेकून दिली असती, तर एवढा वाद का झाला हेही कळलं नसतं.

सर: शकाचं तरी सोपं. पेशवाईतल्या कागदावर काय असतं? "सीत सबैन मया व अलफ."

विद्यार्थिनी: मोडीच्या वर्गात शिकवलंय. उलट्या क्रमाने आकडा. सीत सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. अकराशे शहात्तर, सुहूर सन.

सर: शाबास. इसवी किती?

विद्यार्थिनी: ५९९ मिळवायचे. १७७५.

सर: १७७५-७६. ते वर्ष मृगाला सुरू होतं आणि पुढच्या मृगाला संपतं. महिना नसेल तर एकच इसवी सन लिहिणं म्हणजे कागदात नसलेलं ज्ञान कागदाच्या नावावर खपवणं. म्हणून टिपणात आधी कागदाची तारीख कागदाच्या शब्दांत. मग कंसात तुझा हिशोब. आणि हिशोब तुझा आहे हे दिसलं पाहिजे. मी त्याला वेगळी शाई वापरतो.

विद्यार्थिनी: मी वेगळा रंग वापरेन. म्हणजे साधन एका रंगात, मी दुसऱ्या रंगात?

सर: एवढं पाळलंस तरी निम्मं काम झालं. प्रबंधांतून चोरीचे आरोप होतात, त्यातले सगळे चोर नसतात. सहा महिन्यांनी टिपण उघडतात तेव्हा वाक्य पुस्तकातलं की आपलं, हे त्यांनाच आठवत नाही.

विद्यार्थिनी: आता माझं ऐका, सर. तुम्ही म्हणता, साधन आधी. पण सगळी साधनं कुणालाच पुरी होत नाहीत. डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृत महाकोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून कोटीच्या घरात चिठ्ठ्या केल्या, प्रत्येक चिठ्ठीवर शब्द आणि तो कुठे आला ते वाक्य. काम १९४८ ला सुरू झालं आणि पिढ्या लागल्या तरी कोश चालूच आहे. त्यांना ते शोभतं. मला या उन्हाळ्यात प्रकल्प द्यायचाय. माझ्याकडे प्रश्न नसेल तर मी काय उचलू आणि काय सोडू?

सर: तुझा प्रश्न काय?

विद्यार्थिनी: गाव उठलं तेव्हा तिथला व्यवहार कुठे गेला. डोंगरातल्या वाड्यांमधला हिरडा कुठे विकला जायला लागला, मीठमिरची कुठून यायला लागली, घोडेगाव किती वाढलं. धरणाने किती जमीन बुडाली हे सरकारी कागदात मिळतं. रस्ते बुडाले की माणसांच्या ओळखी कशा तुटतात, ते कागदात नाही. मला तेवढंच हवंय.

सर: प्रश्न चांगला आहे. फार चांगला आहे.

विद्यार्थिनी: मग या प्रश्नासाठी मी देवस्थानाच्या इनामाची पन्नास पानं का टिपत बसू?

सर: कारण जत्रेच्या दिवशी बाजार भरायचा की नाही, ते त्या पानांत असू शकतं. प्रश्न घेऊनच जायचं, यात वाद नाही. पण प्रश्नाला जे लागलं तेवढंच कापून आणलंस तर प्रश्न कधी बदलणारच नाही. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात काढले. अफाट काम. त्या निवडीवर पुढच्या पिढ्यांनी इतिहास लिहिला. पण निवड लढाया, राजकारण, कारभार यांच्या अंगाने अधिक झाली. उद्या कुणाला पेशवाईतल्या एखाद्या खेड्यातल्या कुंभाराला काय मिळत होतं ते हवं असेल, तर त्याला परत रुमालाकडेच, म्हणजे कापडात बांधलेल्या मूळ कागदांच्या गठ्ठ्याकडेच जावं लागतं. रुमाल शाबूत आहेत म्हणून जाता येतं.

विद्यार्थिनी: म्हणजे पुस्तक विषयवार असो, रुमाल मोडू नये.

सर: तेच.

विद्यार्थिनी: मग आपलं भांडण मिटत आलंय. मूळ फोटो आणि रेकॉर्डिंग ज्या ठिकाणाहून आलं त्या क्रमाने, त्याला हात लावायचा नाही. टिपणं वेगळी, प्रत्येकावर मुळाचा पत्ता. प्रश्न माझा, तो टिपणांना शब्द म्हणून चिकटेल, आणि बदलला तर शब्द बदलेन.

मला वाटतं भांडण एवढ्यावर मिटत नाही. सरांनी मान डोलावली तरी एक गोष्ट त्यांच्या मनात राहते, आणि ती मला महत्त्वाची वाटते. हाताने उतरवून काढलेला कागद माणसाच्या वाचनातून गेलेला असतो. फोटो काढलेला कागद वाचलेला असतोच असं नाही. यंत्रात शब्द टाकून ओळ सापडते, पण तिच्या मागचीपुढची पानं वाचली जात नाहीत. मोडी कागदाचं वाचन तर यंत्रावर सोपवून भागत नाही, तिथे डोळेच लागतात. म्हणून निदान मुख्य वीस-पंचवीस कागद विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने अक्षरशः उतरवावेत, असं माझं ठाम मत आहे. बाकीचे फोटो राहू देत.

सर: भीमाशंकरच्या घंटेचं तू काय लिहिलंस?

विद्यार्थिनी: चिमाजी अप्पांनी १७३९ च्या वसईच्या विजयानंतर अर्पण केलेली पोर्तुगीज घंटा. तिच्यावरचा सन मात्र एका ठिकाणी १७२१ वाचला, दुसऱ्या ठिकाणी १७२९.

सर: कोणता ठेवलास?

विद्यार्थिनी: दोन्ही. कुणी कोणता म्हटला त्यासकट. आणि समोर लिहिलं, "स्वतः पाहणे." देऊळ खेडच्या हद्दीत येतं, पण आपली वाट मंचर-घोडेगावावरूनच आहे. जाऊन येईन. आकड्याचा जवळून फोटो, पूर्ण घंटेचा एक, आणि दोन्हींची नावं त्याच संध्याकाळी.

सर: आता मुलाखती. एवढ्या वयाच्या माणसांना तू पुन्हा विचारू शकशीलच असं नाही. तिथे सगळ्यात जास्त काळजी घे.

विद्यार्थिनी: रेकॉर्डिंग आहे, लिहूनही काढतेय. एका आजींनी साल सांगितलं नाही. "बहात्तरच्या दुष्काळात थोरला पोटात होता, अन् त्याच्या लग्नाच्या वर्साला पाणी चढलं," असं म्हणाल्या. मी हिशोब करून एक साल लिहून टाकलं होतं.

सर: खोड ते. आजींचं वाक्य तसंच राहू दे. हिशोब दुसऱ्या रंगात. आणि तू काय विचारलं होतंस तेही लिही. "पाणी आलं तेव्हा वाईट वाटलं का?" असं विचारलंस तर कोण नाही म्हणेल? उत्तराचं वजन प्रश्नावर असतं.

विद्यार्थिनी: प्रश्नही लिहून काढते. कितव्या मिनिटाला काय आहे त्याची यादीही केलीय, म्हणजे एका वाक्यासाठी दीड तास ऐकावं लागणार नाही. पण आणखी एक अडचण आहे. त्यांनी मोबदल्याच्या वाटणीतलं घरातलं भांडण सांगितलं आणि मग म्हणाल्या, हे कुठं लिहू नको. माझ्या प्रश्नाला ते फार लागतं, सर. व्यवहार कसा मोडला ते त्यातच आहे.

सर: लिहू नको म्हणाल्या ना?

विद्यार्थिनी: हो. पण नाव बदललं तर?

सर: वाड्या लहान आहेत. कोणाचं घर ते दोन ओळींत ओळखतात लोक.

विद्यार्थिनी: मग तो भाग काढून टाकू?

सर: काढू नकोस, लिहूही नकोस. रेकॉर्डिंगच्या यादीत त्या मिनिटांसमोर "बोलणाऱ्यांच्या सांगण्यावरून बंद" असं घाल. ती ध्वनिफीत इतरांबरोबर ड्राइव्हवर ठेवू नको. आणि प्रकल्प संपल्यावर हे सगळं कुठे जाणार, ते ठरवलंस का? तुझा फोन पडला की संपलं.

विद्यार्थिनी: एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात देणार आहे. छापील यादी वर, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलाला मला फोन न करता कळेल की काय कशात आहे. दुसरी प्रत पुनर्वसन झालेल्या गावच्या शाळेत ठेवायचा विचार आहे, मुलाखती त्यांच्याच घरच्यांच्या आहेत.

सर: शाळेत ठेवायच्या आधी ज्यांच्या आहेत त्यांना ऐकवून ये. एकेकाला, त्यांच्या घरी बसून. त्यांना एखादा शब्द बदलावासा वाटला तर तो शेजारी लिहून घे, मूळ पुसू नको.

विद्यार्थिनी: आणि आजींनाही?

सर: त्यांना सगळ्यात आधी. तो बंद केलेला भागही ऐकव आणि पुन्हा एकदा विचार. नाही म्हणाल्या तर ती मिनिटं त्यांच्या हयातीत कुणी उघडायची नाहीत, असं यादीवर लिही आणि खाली तुझी सही कर.